चार पायांचा मासा

"चपला खालीच काड गे विनू. देवळात चडतंय असा समज," बाबलकाका नव्या बोटीच्या कठड्यावरून ओरडला.

"देवळात डिझेलचो वास येता काय?" मी खालून विचारलं.

"आमच्या देवळात येता. नाक मुरडूचा आसला तर घराकडे जा."

आई माझ्या पुढे होती. जेटीपासून बोटीपर्यंत टाकलेली फळी भरतीच्या पाण्यावर हलत होती. खाली गढूळ पाणी, त्यात तेलाचे तवंग. तिच्या दोन्ही हातांत पूजेचं ताट, त्यामुळे धरायला हात नाही. तरी ती कुणाचाही आधार न घेता चढली आणि वर पोचल्यावर मागे वळून मला म्हणाली, "तोंड मीट. शुभकार्याक इलंव."

नारळी पुनवेचा आदला दिवस होता. देवगडच्या बंदरात बाबलकाकाच्या नव्या ट्रॉलरची पूजा होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी हाकत, तांडेल म्हणून राबलेल्या माणसाची ही स्वतःची पहिली बोट. फायबरची, पांढरी आणि निळी, एवढी मोठी की आमचं घर अंगणासकट तिच्यात मावलं असतं. नाव 'सातेरी माउली'. आमच्याकडे नव्या बोटीची ओटी भरतात, नव्या सुनेची भरावी तशी. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू, हिरवा खण, नारळ, मग आरती. आणि पहिलं कुंकू सवाष्णीच्या हातचं लागतं. बाबलकाका नात्याचा नव्हे, वडिलांचा दोस्त; त्यासाठी तो स्वतः आमच्या घरी आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "वयनी, पयलो हात तुजो. मंदा आसतली, बाकीच्यो बायको आसतल्यो, पण पयलो तुजो."

आई हसली होती. तिला असं कुणी बोलावून बराच काळ झाला होता. कारण माझी आई सवाष्ण आहे की नाही, याची गावात कुणालाच खात्री उरलेली नव्हती.

माझे वडील मी दहावीत असताना समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. कार्तिकातलं अचानक उठलेलं वादळ होतं. एरवी त्यांच्याबरोबर भागीदार असायचा, तो त्या दिवशी तापाने पडला होता, म्हणून एकटेच गेले. लहान होडी, मागे मशीन लावलेली. चार दिवस सगळं बंदर शोधत होतं. माणूस नाही, होडी नाही, जाळ्याचा एक तरंगता गोळासुद्धा नाही.

आमच्याकडे एक समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, की दर्या काही ठेवून घेत नाही. घेतलेलं तिसऱ्या दिवशी नाही तर तेराव्या दिवशी कुठल्यातरी किनाऱ्यावर आणून टाकतो. आईने त्या समजाचं बोट धरलं आणि ती दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली.

"दर्यान दिल्यान नाय," ती म्हणायची, "म्हणजे तो दर्याकडे नाय. खंयतरी लागलो आसतलो. दुसऱ्या मुलखात. येतलो."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे खडकावर डोकं आपटणं. मी आपटून बघितलंय. ती रोज सकाळी आंघोळ करून ठसठशीत कुंकू लावायची, टोपली घेऊन बाजारात बसायची आणि संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावून पाऊलवाटेकडे बघत उभी राहायची. आधी बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या. मग काहीजणी विसरायला लागल्या. जिथे बोलावणं यायचं तिथे ती जायची, नाही आलं तिथलं नाव काढायची नाही.

बोटीची पूजा झाली त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा वेंगुर्ल्याचा. मी तेव्हा आंब्याच्या कॅनिंगच्या फॅक्टरीत ऑफिसचं काम बघायची. मार्गशीर्षातला मुहूर्त धरला होता आणि तिथेच गाडं अडलं. माझे चुलते म्हणाले, आधी यशवंताची क्रिया झाली पाहिजे. दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, मगच घरात शुभकार्य. माणूस धड मेलेला नाही न् धड जिवंत नाही, अशा घरात देवक कसं बसवायचं? सासरच्यांनीही तेच गोड शब्दांत कळवलं. आईने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "माज्या जित्या माणसाक मी जाळूचंय नाय. लगीन ऱ्हवला तरी चलात."

लग्न माझं होतं, आणि ते राहिलेलं तिला चालणार होतं. मी संतापले होते. रडून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला. त्या सकाळी बोटीवर चढताना आम्ही दोघी तीन दिवसांनी एकमेकींशी बोलत होतो.

वर गेल्यावर मात्र मी माझा राग विसरले. मी होडीतली मुलगी. होडीत बसलं की पाणी हाताला लागतं, एवढंच मला ठाऊक. इथे नाळेपासून मागच्या टोकापर्यंत चालायचं तर मध्ये जाळं ओढणारा विंच, लोखंडी दोरांचे ढीग, जाळं पसरून धरणाऱ्या दोन दारांएवढ्या फळ्या. बर्फाच्या खणाचं झाकण काकाने उचललं तर आतून गार वाफ आली. स्वयंपाकाला गॅस, झोपायला एकावर एक फळ्या, आणि आरशासमोर दाढीचं सामान ठेवायला चक्क कपाट.

"काका, संडास पण असा?" मी विचारलं.

"असा तर. तुज्या सासरी असा काय?"

मंदाकाकी, म्हणजे काकाची बायको, हसून हसून खोकायला लागली. आईसुद्धा हसली. तिने नाळेला कुंकू लावलं, खण गुंडाळला, नारळ ठेवला. तिचे हात स्थिर होते आणि बांगड्या वाजत होत्या. खलाशी टोप्या काढून उभे होते. मग ती खाली इंजिनाकडे गेली, त्यालाही बोट लावून आली. मला ती त्या दिवशी सुंदर दिसली. भांडण चालू असतानाही दिसली, म्हणजे खरंच दिसली असणार.

शेवटी केबिन राहिली. चौघांनी उभं राहायचं म्हणजे दाटी. समोर काच, काचेखाली सुकाणू, आणि सुकाणूच्या दोन्ही बाजूंना टीव्हीसारखे चौकोन लुकलुकत होते. आई दारात थबकली.

"बाबल, ह्यो कोण?" तिने पहिल्या यंत्राकडे बोट केलं. जशी लग्नघरात नव्या पाहुण्यांची ओळख विचारावी.

"ह्यो वायरलेस, वयनी. ह्याच्यावर बंदराशी बोलतंव."

आईने वायरलेसला हळदकुंकू लावलं. "आणि ह्यो?"

"ह्यो मासे दाखयता. खाली तळ किती खोल, मासळेचो थवो खंय असा, ता सगळा रंगात दिसता."

"तुमका आता डोळेच नको," आई म्हणाली आणि त्यालाही कुंकू लावलं. "ह्यो?"

"ह्यो नकाशो. आपण खंय असंव ता सांगता. कालच कंपनीचो माणूस इल्लो, जुन्या बोटीवरची सगळी टिंबां तेना ह्याच्यात भरल्यान."

"कसली टिंबां?"

"जाळा अडाकता ती जागा. खाली खडक आसता, कोणाचो जुनो नांगर आसता. एकदा जाळा फाटला की थंय टिंब मारून नाव देवचा, म्हणजे परत त्या वाटेक जावचा नाय."

आईला गंमत वाटली. ती मला म्हणाली, "विनू, तुका इंग्रजी येता. वाच बगू काय काय नावां ठेयल्यानी हत ती."

मी पुढे झाले. निळ्या पडद्यावर लाल टिंबं होती आणि प्रत्येकाशेजारी इंग्रजी अक्षरांत आमच्याच बोलीतली नावं. मी एक एक वाचायला लागले. दामल्याचो खडक. फुटकी बोया. एका टिंबाचं नाव होतं सासू.

"सासू?" मंदाकाकीने विचारलं.

"एकदा धरल्यान की सोडणा नाय," बाबलकाका म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता. "पुरे आता विनू. वयनी, सुकाणूक लाव कुंकू, आरतीचो टायम झालो."

मी ऐकायला हवं होतं असं आज मला वाटत नाही. त्या दिवशी तर मी वाचण्याच्या भरात होते. हात लावला की नकाशा सरकत होता, ते मला आवडलं होतं. बंदरापासून बरंच बाहेर, एकटंच एक टिंब होतं.

"येसो," मी वाचलं.

खाली इंजिन धडधडत होतं. मी ते नाव परत एकदा मनात वाचलं आणि मग माझ्या वडिलांना सगळं बंदर याच नावाने हाक मारायचं हे मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते मी विसरलेच नव्हते. पण तिथे, त्या काचेवर, ते नाव मला भेटेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आईने ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिने कधीच वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात बायका घेत नाहीत. लग्नाकार्यात उखाण्याचा आग्रह झाला तरी 'विनूचो बापूस' म्हणून सुटका करून घ्यायची. तेव्हाही तिने नाव टाळूनच विचारलं.

"थंय काय असा, बाबल?"

"काय नाय गे वयनी. तो थंय मासे मारूक जाय, म्हणान…"

"एवड्या भायर? एकटो? ल्हान होडीन?" आई अगदी शांतपणे म्हणाली. "आताच सांगलंस. जाळा अडाकता ती ही टिंबां. थंय जाळा कशाक अडाकता?"

बाबलकाकाने मंदाकाकीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"होडयेक," तो म्हणाला.

"कोणाच्या?"

त्याने टोपी काढायला हात वर नेला. आधीच काढलेली होती हे त्याच्या लक्षात आलं नाही, त्याचा हात नुसताच डोक्यावरून फिरला. "वादळाच्या दुसऱ्या वर्साक. मी तेवा मोंडकरांच्या बोटीर होतंय. जाळा अडाकला, विंचान ओढून ओढून काडला, तर फाटून वर इला. तेच्यात एक फळकूट होता. बसूची फळी. तेच्यार…" तो माझ्याकडे बघू लागला. "तेच्यार मासो कोरलेलो होतो. चार पायांचो."

तो मासा माझा होता. मी पाच-सहा वर्षांची असताना वडिलांच्या होडीत बसून खिळ्याने फळीवर मासा कोरला होता, आणि सगळ्या प्राण्यांना असतात तसे त्याला चार पाय काढले होते. नव्या फळीची नासधूस केली म्हणून आईने पाठीत धपाटा घातला. वडील मात्र बंदरभर सांगत सुटले, "आमच्या चेडवान चार पायांचो मासो पकडल्यान. तुमका कोणाक गावलो काय?" येणाराजाणारा होडीत डोकावून तो मासा बघून जायचा. बाबलकाका तर मला बरीच वर्षं त्याच नावाने चिडवायचा. मग एकदा त्याने ते अचानक बंद केलं. मी मोठी झाले म्हणून असेल, असं मला वाटलं होतं.

"खंय असा ता फळकूट?" आईने विचारलं.

"परत सोडलंय." काका म्हणाला. "बुडलेल्या होडयेचा काय घराकडे हाडुचा नसता, वयनी. तुका म्हायत असा. हाडला की घरातल्या दुसऱ्याक तीच वाट दाखयता म्हणतत. मी नारळ फोडलंय, पायां पडलंय आणि थंयच सोडलंय. टिंब मारलंय, नाव घातलंय. म्हटलंय, हयसर परत कोणाचा जाळा पडूचा नाय. येसोक कोणी ओढूचा नाय."

"आणि माका सांगूक नाय."

"सांगूक इल्लंय. देवाशपथ इल्लंय. तिन्हीसांजेक. तू तुळशीकडे दिवो लावत होतंस. माका बगलंस आणि म्हणालंस, 'बाबल, काय खबर इली?' असा तोंड केलंस तू…" त्याने तोंड फिरवलं. "माज्या हातात पिशयेत बांगडे होते. म्हटलंय, 'काय नाय, हे दिवक इल्लंय.' "

मला ते बांगडे आठवले. त्या संध्याकाळपासून बाबलकाका काहीही कारण नसताना आमच्याकडे मासळी आणून द्यायचा. आम्ही त्याला भला माणूस म्हणायचो.

"अजून कोणाच्या बोटीर असा ह्या नाव?" आईने विचारलं.

वायरलेसमधून दुसऱ्या कुठल्यातरी बोटीवरची हसण्याची खरखर ऐकू आली.

"सांग."

"सगळ्यांच्या. एकान दुसऱ्याक दिल्यान. जाळी फाटतत म्हणान नाय, वयनी. कोणी थंय जाळा टाकणा नाय. लांबसून जातत."

आईचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. बाजारात ती भांडायची तेव्हा सगळं बंदर ऐकायचं. इथे तिचा आवाज चढला नाही, पण आम्ही तिघंही मागे सरलो.

"सगळ्या बंदराक ठावक. पोराटोरांक ठावक. आणि मी एकली कुंकू लावून तुमच्या बायलांच्या ओट्यो भरत फिरतंय. माज्या कपाळाकडे बगून तुमी पाठसून काय म्हणत होतास रे?"

"काय नाय म्हणाक. कोणाचो जीव होय नाय. एवडाच."

"मगे आज माका बोलवलंस कित्याक? तुका ठावक होता मी कोण ती. तुजी पयली बोट. जन्मभर तेच्यासाठी मरलंस. तेका तू रांडावलेल्या बायलेचो हात लावून घेतलंस?"

"तुका बोलवलंय नसतंय तर तुका कळला असता," बाबलकाका म्हणाला. "आणि तुजो हात वायट असा ता माजा मन मानणा नाय. मानीत नाय म्हणान बोलवलंय."

सुकाणू अजून राहिलं होतं. त्याच्या मधोमध मंदाकाकीने सकाळीच झेंडूचा हार घालून ठेवला होता. कुंकवाला जागा सोडली होती. आई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिचा अंगठा कुंकवाने लाल होता.

"लाव, वयनी," मंदाकाकी रडत म्हणाली. "आमका चलात. लाव."

आईने मान हलवली. तिने ताट मंदाकाकीच्या हातात दिलं.

"आता तू लाव," ती म्हणाली.

मग ती केबिनच्या बाहेर जाऊन कठड्याशी उभी राहिली. आरती झाली तेव्हा तिने हात जोडले. प्रसाद घेतला, खलाशांनाही वाटू लागली. ती रडली नाही. नव्या बोटीवर पहिल्या दिवशी डोळ्यांतलं पाणी पडू द्यायचं नसतं. मी रडायला लागणार हे बघून तिने माझ्या हाताला एवढ्या जोरात चिमटा काढला की त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

सगळं उरकल्यावर ती फळीवरून उतरली, चपला हातात घेतल्या आणि जिथे बायका मासे धुतात त्या पायऱ्यांवर जाऊन बसली. ओंजळीत पाणी घेतलं. लग्न ठरल्यापासून मी जे मागत होते, ज्याच्यासाठी भांडत होते, ते ती करायला निघाली होती. आणि मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"आये, नको. हय नको. घराकडे जावया."

"सोड," ती म्हणाली. "मी काय करतंय ता माका कळता."

तिने कपाळ धुतलं. पहिल्यांदा पुसलं गेलं नाही, नुसतं पसरलं. दुसऱ्यांदा ओंजळ भरावी लागली. पायऱ्यांवर मासे धूत बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी घरी गेल्यावर आम्ही दोघी रडलो. काय काय बोललो ते मी इथे लिहिणार नाही.

चुलते लगेच पुतळ्याच्या तयारीला लागले. आई म्हणाली, "करा. पण तेच्या आधी माका थंय जावचा असा."

हे आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. बाई बोटीची ओटी भरते, बंदरावर वाट बघते, मासे विकते. बोट सुटली की बाई जमिनीवर. त्यातून नव्या बोटीची पहिली फेरी. बाबलकाकाने मात्र एका शब्दाने हो म्हटलं. खलाशी कुजबुजायला लागले तेव्हा तो म्हणाला, "जो भियता तेना घराकडे ऱ्हवाचा." सकाळी बघितलं तर एकही जण घरी राहिला नव्हता.

पुनव होऊन गेली होती. समुद्र अजून पावसाळी, राखाडी. आई केबिनमध्ये काकाच्या मागे एका डब्यावर बसली होती. मांडीवर कापडाचं गाठोडं. कपाळ रिकामं, हातात बांगड्या नाहीत. मला तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी नकाशाकडे बघत होते. आमच्या बोटीचा छोटा बाण हळूहळू त्या टिंबाकडे सरकत होता. किनारा पुसट होत होत दिसेनासा झाला.

काकाने इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की बोटीला लागणाऱ्या लाटा मोजता आल्या असत्या.

"इला," तो म्हणाला.

आई उठून मासे दाखवणाऱ्या यंत्रासमोर उभी राहिली. तिनेच लावलेलं कुंकू त्याच्या कडेला अजून होतं. पडद्यावर तळाची लाल पट्टी सपाट चालली होती. मग तिच्यावर एक उंचवटा आला. एवढासा, भाकरी फुगावी तेवढा. त्याच्याभोवती बारीक बारीक पिवळे ठिपके होते.

"ही होडी?"

"होय."

"पालथी असा?"

"दिसता तशी. जाळ्यात गुतान खाली गेली आसतली. म्हणान काय वर येवक नाय."

"आणि ह्ये पिवळे?"

"मासे. होडयेच्या आडोशाक ऱ्हवतत. खूप आसत."

आई बराच वेळ बघत राहिली. "तो असा थंय मासे आसतले," ती म्हणाली.

काकाने नकाशातल्या टिंबावर बोट ठेवलं. "वयनी, तू म्हणत आसलंस तर ह्या नाव काडतंय. सगळ्यांक सांगतंय काडूक. दुसरा कायतरी घालुया."

"कित्याक?" आई त्याच्याकडे वळली. "एवडी वर्सां तेका शोधतंय. आता पत्तो गावलो तर तू पुसतंस?"

मग ती गाठोडं घेऊन बाहेर आली. आम्ही सगळे मागे. खलाशी एका ओळीत उभे राहिले. मला वाटलं नारळ सोडेल, बांगड्या सोडेल. नारळ तिने सोडलाच. बांगड्याही सोडल्या, एक एक करून. मग गाठोड्यातून तिने कागदाची एक पुडी काढली आणि उघडली. आत कुंकवात भिजवलेले तांदूळ होते.

त्या अक्षता होत्या. माझ्या लग्नाच्या. आमच्याकडे आमंत्रणाची पहिली अक्षत ग्रामदेवतेला, मग घरच्या वडीलधाऱ्यांना, मग गावाला. मुहूर्त ठरल्यापासून चुलते तिच्या मागे लागले होते, अक्षती वाटायला काढ म्हणून. ती काढत नव्हती. आम्हाला वाटायचं, लग्न मोडायला निघालीय.

तिने मूठ भरली आणि पदर खोचून कठड्याशी उभी राहिली. पाण्याकडे बघत तिने तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. मग संध्याकाळी किनाऱ्यावरून परतणाऱ्या होडीला हाक मारावी तशी, छातीतून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिने हाक मारली.

"येसोऽऽ!"

माझ्या वडिलांचं नाव मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही. बाबलकाकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चेडवाचा लगीन असा," आई म्हणाली. आता आवाज घरातला होता, चुलीपाशी बसून बोलावं तसा. "मार्गशीर्षात. पोरगो बरो असा. येवक होया."

तिने मूठ उघडली. तांदूळ पाण्यावर पडले, क्षणभर तरंगले आणि लाल रंग सोडत खाली गेले. ते दिसेनासे झाले तरी ती तशीच उभी होती. कुणी तिला हाक मारली नाही. काकाही इंजिनाकडे गेला नाही.

"चल, बाबल," शेवटी तीच म्हणाली. "तेका सांगून झाला."

बोट वळली. आई परत डब्यावर येऊन बसली, मी तिच्या पायाशी. अक्षतांचं कुंकू तिच्या तळहाताला लागलं होतं. तिने ते पाण्यात धुतलं नाही, पदराला पुसलं नाही. मूठ मिटून मांडीवर ठेवली आणि बंदर येईपर्यंत उघडली नाही.